दारू सुटली, बार सुटला नाही

चार वर्षं झाली मला दारू सोडून, तरी आठवड्यातून तीन-चार दिवस संध्याकाळी मी बारमध्येच सापडतो. लिंबू सोडा, एक प्लेट फुटाणे, भूक जास्त असली तर अंडाबुर्जी अन् पाव, बस. डॉक्टरनं सोनोग्राफीचा कागद पुढं धरून लिव्हरचं जे सांगायचं ते सांगितलं आणि मी त्याच दिवसापासून बंद केली, त्यात माझी काही बहादुरी नाही, जीव प्यारा होता. पण बार सुटला नाही. बायको म्हणते, "तुमची दारू सुटली, बार काही सुटला नाही. म्हंजे दारू निस्तं निमित्त होतं." ती टोमणाच मारते, पण दारूबंदीवर आजवर जेवढी भाषणं मी ऐकली त्या सगळ्यांपेक्षा मला या टोमण्यात जास्त दम वाटतो, अन् हे लिहायला बसलो तेही त्याच्यामुळंच.

आमचं गाव वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडं. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येते. गावाच्या तोंडाशी, एका सोयाबीनच्या वावराला लागून टिनाच्या शेडमध्ये हा बार आहे. पाटीवर मालकाच्या आईचं नाव अन् त्याच्याखाली 'परमिट रूम' असं रंगवलेलं आहे, पण ते नाव गावात कोणीच घेत नाही, सगळे 'टिन' म्हणतात. "कुठं आहेस बे?" "टिनात." संपलं.

संध्याकाळी सहाला टिनात चिटपाखरू नसते. वेटर दादा टेबलं पुसत असतो, सनमायका उखडलेली टेबलं, डुगडुगू नये म्हणून पायाखाली पेपराच्या घड्या. साडेसहा-सातला कोळसा खाणीतले जनरल शिफ्टचे लोक येतात, मग टिप्परवाले ड्रायव्हर, मग वावरातून घरी जाऊन आंघोळ करून निघालेले कास्तकार, अन् काही आंघोळ न करताच आलेले ज्यांच्या अंगाला फवाऱ्याचा वास असतो. आठला मास्तर. हे मास्तर रिटायर होऊन बारा वर्षं झाली, ते एकच पेग घेतात अन् दोन तास टिकवतात, बर्फ विरघळत जाते अन् ते पेपर वाचत जातात, मालकानं फक्त त्यांच्यासाठी पेपर लावून ठेवलेला आहे. उन्हाळ्यात तर टिनाची वेगळीच शान. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पार जाते, टिनाचं शेड म्हणजे तंदूरच, पण मालकानं कोपऱ्यात एक भलामोठा कूलर ठेवलेला आहे जो चालू झाला की ट्रॅक्टर चालू झाल्यासारखा आवाज येते अन् ओल्या वाळ्याचा वास पुऱ्या शेडमध्ये पसरते. कूलरसमोरच्या दोन खुर्च्या म्हाताऱ्यांसाठी. असा नियम कोणी केला नाही, पण तिथं जवान पोट्टा बसला तर चार जण घसा खाकरतात. फुटाणे फुकट, कांदा फुकट, उकडलेलं अंडं काळ्या मिठासोबत विकत, रविवारी मुंडी-खूर, अन् रस्सा असा तिखट की सोडा पिणाऱ्याचेही कान लाल होतात.

अन् बोलणं. बोलण्यासाठीच येतात सगळे. कापसाला कोणत्या जिनिंगमध्ये काय भाव निघाला, कोणी काट्यात मारलं, कोणाचा चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा अडला, कोणती बँक पीक कर्जाला फिरवून रायली. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, देशभर बातम्या झाल्या, तेव्हा कोणतं औषध कोणत्या औषधात मिसळून मारू नये अन् वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारू नये या गोष्टी मी पहिल्यांदा ऐकल्या त्या सरकारी शिबिरात नाही, टिनात, एका माणसाच्या तोंडून ज्याचा भाऊ तेव्हा दवाखान्यात भरती होता. शिबिर नंतर झालं. बॅनर चांगला होता.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मी दारूची जाहिरात करतो. थांबा जरा.

माझं म्हणणं इतकंच आहे की दारूवर आपण गेली पन्नास वर्षं वाद घालून राहिलो, प्यावी की न प्यावी, बंद करावी की चालू ठेवावी, पण बार भरते ते फक्त दारूमुळं भरते हे आपण धरून चाललो तिथंच गफलत झाली. बार भरते कारण संध्याकाळी सात ते दहा गावातल्या माणसाला बसायला दुसरी जागाच नाही. दारू तर भट्टीवर, म्हणजे देशीच्या दुकानावर, स्वस्त भेटते, उभ्या-उभ्या मारून घरी जाता येते. तरी लोक जास्तीचे पैसे देऊन टिनात येतात, ते पैसे खुर्चीचे असतात.

तुम्ही म्हणाल गावात पार आहे, देवळाचा ओटा आहे, चहाची टपरी आहे. आहे ना. पण पारावर कोण बसते ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. आमच्या गावात देवळाच्या ओट्यावर अजूनही काही घरातली माणसं बसत नाहीत, कोणी अडवत नाही आता, पण बसत नाहीत, त्यांच्या बापाला कोणीतरी उठवलेलं असते ते त्यांना माहीत असते. माझ्या लहानपणी हॉटेलात काही कप वेगळे ठेवलेले मी माझ्या डोळ्यानं पाहिले आहेत. टिनात असा वेगळा ग्लास कधीच नव्हता. मालकाचं काही समाजसुधारणेचं मन नव्हतं, त्याला गल्ला भरायचा होता, पण कारण काहीही असो, पुऱ्या गावात सगळ्या जातीची माणसं एका टेबलावर एकाच प्लेटमधून फुटाणे खातात अशी ही एकच जागा आहे. त्याचं लय कौतुकही नको, सकाळी उठून तेच लोक आपापल्या वस्तीत जातात अन् पोरीच्या लग्नाचं निघालं की सगळं जुनंच. अन् पैसा तर इथंही पाहते, ज्याच्या खिशात नाही तो भट्टीवर उभा, ज्याच्या खिशात जास्त तो मागच्या एसी खोलीत. तरी.

टपरी सातला बंद होते. वाचनालय आहे, कागदावर. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, त्यात अ-ब-क-ड असे वर्ग पाडून अनुदान भेटते, आमच्या इथलं 'ड' वर्गातलं आहे अन् ते अशा वेळेला उघडते जेव्हा पुरं गाव वावरात असते. आमदार निधीतून बांधलेलं ग्रामपंचायतचं सभागृह आहे, त्याला कुलूप. पंखे लावलेले आहेत आत, मी खिडकीतून पाहिले.

आता नदीपलीकडची गोष्ट. २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामींच्या नेतृत्वात बाया चिमूरहून पायी नागपूरला विधानभवनावर गेल्या, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून. त्या बायांच्या पायाला आलेले फोड खरे होते अन् घरी खाल्लेला मारही खराच होता, त्यावर कोणी शहाणपण शिकवू नये. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागली. वर्धा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्राममुळं १९७० च्या दशकापासूनच कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. म्हणजे तीन जिल्हे एकमेकाला लागून कोरडे अन् त्यांच्या काठावर आम्ही ओले. टिनाची दिवाळी झाली. मालकानं दहा टेबलं वाढवली, वावराच्या धुऱ्यापर्यंत शेड वाढलं, अन् बाहेर गाड्या पाहाव्या तर निम्म्या एमएच ३४, म्हणजे चंद्रपूरच्या. रात्री त्याच गाड्या नदीच्या पुलावरून परत जात, प्यालेल्या माणसांना घेऊन, अंधारात. दारूबंदीचा हिशोब करताना या परतीच्या गाड्या कोणी मोजल्या का मला माहीत नाही.

माझा साळा वरोऱ्याकडचा. त्याला नदी ओलांडायचा कंटाळा. त्या सहा वर्षांत त्याला बाटली घरपोच भेटत होती, दुप्पट-तिप्पट पैशात, आत कोणता माल भरलेला हे देवालाच ठाऊक. एकदा दिवाळीत आला तेव्हा टिनात माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "दारू भेटते भाऊजी तिकडं, बसाले नाई भेटत." तिकडचे लोक दोघं-दोघं, तिघं-तिघं मिळून गाडीत, नाल्यात, वावरातल्या बंड्यात म्हणजे खोपटात बसत अन् भराभर पीत, कारण कोणी येईल ही भीती. माझ्या साळ्याचं पिणं बारमध्ये होतं तेव्हा दोन तासात एक क्वार्टर असं होतं, बंदीत ते वीस मिनिटात एक क्वार्टर झालं. त्याला आवरणारं कोणी नाही, 'बस झालं आता, घरी जाय' म्हणणारा वेटर नाही, मास्तर नाही, बापाच्या वयाचं कोणीच नाही. दारू तेवढीच राहिली, तिच्याभोवतीची माणसं तेवढी गेली.

मे २०२१ मध्ये सरकारनं रमानाथ झा समितीचा अहवाल पुढं ठेवून चंद्रपूरची बंदी उठवली, कारण दिलं की अवैध दारू अन् त्यातली गुन्हेगारी वाढली. डॉ. अभय बंग यांनी जोरदार विरोध केला. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटते. गडचिरोलीत बंग दांपत्याचं काम पाहिलं की हा माणूस उगाच बोलत नाही हे कळते, तिकडं २०१६ पासून मुक्तिपथ म्हणून गावोगाव संघटना बांधून काम चालू आहे, म्हणजे बंदी लावली अन् सोडून दिली असं त्यांनी केलं नाही. अन् माझी सासू, नदीपलीकडची, बंदी उठली त्या दिवशी म्हणाली, "निदान चौकात तमाशा तं नव्हता बाप्पा सहा वर्सं." हे ऐकून मी गप्प बसलो, कारण तिनं जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही. पण या पुऱ्या भांडणात एक बाजू म्हणते दारू कमी झाली, दुसरी म्हणते वाढली, लिटर मोजून राहिले सगळे, अन् बार बंद केल्यावर तो माणूस संध्याकाळी सातला जाईल कुठं हा सवाल ना बंदी लावताना कोणी विचारला ना उठवताना.

सरकारचं तर मला कळतच नाही काही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे, त्याप्रमाणं महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागते, एका दिवसाचा परवाना विदेशीला ५ रुपये, देशीला २ रुपये, अन् जन्मभराचा काढायचा तर त्या फॉर्मवर लिहिलेलं असते की मला ही दारू प्रकृती सांभाळण्यासाठी पाहिजे. म्हणजे कायद्याच्या नजरेत टिनातले सगळे जण पेशंट आहेत अन् औषध घेऊन राहिले! बियर प्यायला २१ वर्षं पाहिजे, देशी किंवा व्हिस्की-रम प्यायला २५. सरपंच २१ व्या वर्षी होता येते. म्हणजे पोट्टा गावाचा कारभार पाहू शकते पण पव्वा घेऊ शकत नाही, तो चार वर्षांनी.

मग २०१६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की राष्ट्रीय अन् राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. हेतू चांगला होता, प्यालेले ड्रायव्हर लोकांना मारतात हे काय खोटं आहे. नंतर २०,००० च्या आत लोकसंख्या असलेल्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं. टिन तेव्हा रोडला लागूनच होता. मालकानं टेप घेऊन दोन दिवस मोजमाप केलं अन् बार उचलून आत वावराकडं नेला, तिथं आज आहे. ड्रायव्हर लोकांनी पिणं सोडलं का? नाही. टिप्पर रोडवर उभे करून ते २२० मीटर चालत येतात अन् २२० मीटर झुलत जातात. मला आवडलं इतकंच की रोडवरून बार दिसत नाही म्हणून शाळेतली पोरं जाता-येता पाहत नाहीत, ते बरं झालं.

अन् आता कर. बारमध्ये बसून प्यायच्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांचा १० टक्के केला, वर जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, १८० मिलीची किमान किंमत देशीची ८० रुपये अन् विदेशीची २०५ रुपये झाली. १४ जुलैला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, आमच्या मालकानंही शटर ओढलं. मला बारवाल्यांचा पुळका नाही, पण जरा हिशोब पाहा. तीच बाटली दुकानातून नेऊन वावराच्या धुऱ्यावर प्याली तर तो दहा टक्के लागत नाही, खुर्चीवर बसून चार लोकांत प्याली तर लागते. म्हणजे दारूवरचा कर वेगळा अन् बसण्यावरचा वेगळा. गेल्या वर्षभरात टिनातले पाच-सहा रोजचे गिऱ्हाईक दिसेनासे झाले. त्यांनी सोडली असं कोणालाच वाटत नाही. एक जण भट्टीवर दिसतो, दुसरा गावठीवर गेला, तिसऱ्याचं माहीत नाही.

दिसेनासं होणं ही टिनात लहान गोष्ट नाही. दोन वर्षांआधी एक कास्तकार, एकटा माणूस, बायको गेलेली, पोरगा पुण्याला कंपनीत, रोज साडेसातला ठरलेल्या टेबलावर एक क्वार्टर घेणारा, तो सलग तीन दिवस आला नाही. वेटर दादानं फोन लावला, उचलला नाही. मग त्यानं अन् एका टिप्परवाल्यानं गाडी काढून वावरातल्या त्याच्या बंड्यावर जाऊन पाहिलं तर तो तापानं फणफणलेला, उठायची ताकद नाही, पाणी संपलेलं. ग्रामीण रुग्णालयात नेला, डेंग्यू निघाला, वाचला. तीन दिवस तो दिसला नाही हे पुऱ्या गावात एका वेटरला समजलं, का तर साडेसातचं टेबल रिकामं होतं. ही गोष्ट मी बारच्या बाजूनं सांगतो नेहमी. बायको ती ऐकते अन् म्हणते, "अन् उधारीची वही?" आता तीही खरी. त्याच माणसाला त्याच वेटरनं मालकाच्या सांगण्यावरून आठ महिने वहीवर पाजलं होतं अन् कापसाचा चुकारा आला तसा पहिला हप्ता टिनात गेला, कृषी केंद्रवाला दुसऱ्या नंबरवर, किराणावाला तिसऱ्या. वही हा टिनातला सगळ्यात घाण प्रकार आहे, कूलर, मास्तर, फुटाणे हे सगळं त्या वहीसमोर फिकं. बंदच करायचं असेल तर आधी वही बंद करा म्हणतो मी, रोख पैसे द्या अन् प्या, खिशात नाही तर सोडा प्या अन् बसा. मालकाला मी हे तोंडावर बोललो आहे. त्यानं बुर्जीत कांदा जास्त टाकून पाठवला, दुसरं काही बोलला नाही.

आमच्याकडं कास्तकारानं जीव दिला की घरच्यांच्या १ लाखाच्या मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवायला कागद फिरतात, अन् तेव्हा कोणीतरी हळूच म्हणतेच, 'पेत होता तो.' एका शब्दात कर्ज, नापिकी, भाव सगळं पुसल्या जाते. मी दारूची बाजू घेत नाही, दारूनं माणूस खचलेला आणखी खचते हे मी स्वतःच्या घरात पाहिलं आहे, माझा काका तसाच गेला. पण तो टिनात बसून चार लोकांना आपलं कर्ज सांगत होता तोवर जिवंत होता. घरी बसून एकटा प्यायला लागला अन् वर्षभरात संपला.

इथवर वाचून बाया म्हणतील की हे सगळं माणसांचंच चाललं. बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरचे जवळपास १४ टक्के पुरुष दारू पितात असं निघालं, बाया अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणजे शंभरातले ८६ पुरुष पीत नाहीत, त्यांच्यासाठी गावानं संध्याकाळची कोणती जागा ठेवली? काही नाही. त्यातले काही माझ्यासारखे सोडा घेऊन बारमध्ये बसतात अन् बाकीचे घरी मोबाईल पाहतात. अन् बायांना तर ना बार ना पार. टिनात 'फॅमिली रूम' अशी पाटी आहे, तिथं आजवर एकही फॅमिली मी पाहिली नाही, खाणीतले साहेब लोक बसतात.

बाजूच्या गावात बायांनी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान मागितलं होतं. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की हे मतदान होऊ शकते, अन् यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यापेक्षा जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. आलेल्या बायांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या निम्म्या. यादीत लग्न होऊन गेलेल्या पोरी, कामाला बाहेर गेलेल्या बाया, अन् दोन मेलेल्या बुढ्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेल्या असं समजा. पडलेलं जवळपास सगळं मतदान आडवीला अन् निकाल उभीचा. एवढ्या मतांनी आमदार आरामात निवडून येते. माझ्या मते हा नियम बायांशी केलेली लबाडी आहे, अन् मी बारमध्ये बसणारा माणूस असून हे म्हणतो.

त्या निकालाच्या दिवशी मी घरी बायकोला विचारलं, आपल्या गावात मतदान लागलं तर तू काय करशील. मला वाटलं ती तावातावानं आडवी म्हणेल. ती म्हणाली, "मले बाटली उभी-आडवी काईच नाई करायची. मले इतकं सांगा, मी संध्याकाळी कुठं बसू?" मग तिनं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तिचं लग्न होऊन आली तेव्हा गावात दोन हँडपंप होते, पाण्याला नंबर लावून बाया तास-तास उभ्या राहत, मेहनत होती, भांडणं होती, पण पुऱ्या गावाची खबर तिथं भेटायची, कोणाची सून माहेरी गेली, कोणाला मारलं, कोणाला दिवस गेले. आता घरोघरी नळ आला. चांगलं झालं, कंबर वाचली, कोणी म्हणत नाही की नळ काढा. पण ती भेट गेली. आता महिन्यातून एकदा बचत गटाची मीटिंग, तीही हप्ता गोळा करून अर्ध्या तासात खतम कारण घरी स्वयंपाक. "तुमचा टिन रोज भरते," ती म्हणाली, "आमचा हँडपंप गेला तं कोनी विचारलं बी नाई."

मी तिला म्हटलं चल एक दिवस टिनात, सोडा पाजतो. ती हसली नाही.

मागच्या २ ऑक्टोबरची गोष्ट सांगतो. गांधी जयंतीला ड्राय डे असते अन् त्याच दिवशी ग्रामसभाही असते. सकाळी ग्रामसभा बोलावली, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी जे कमी तेवढे लोक लागतात गणपूर्तीला, तेवढे काही जमले नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून पहिलीला कोणी जात नाही. संध्याकाळी मी सवयीनं टिनाकडं गेलो. शटर बंद. बाहेरच्या ओट्यावर, मोटरसायकलच्या सीटवर, उलट्या क्रेटवर पस्तीस-चाळीस माणसं बसलेली. कोणीही प्यालेलं नव्हतं, चोरून पाजणारी जागा गावात आहे पण तिथं कोणी गेलं नव्हतं. वेटर दादानं घरून चहाचा थर्मास आणला होता. मास्तर बंद शटरला टेकून त्या दिवशीचा पेपर वाचत होते. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी कोणी उठेना. ग्रामसभेत पाहिजे होती तेवढी नाही म्हणता येणार, पण तिथं होती त्यापेक्षा जास्त माणसं त्या शटरसमोर होती.

मी तिथंच विषय काढला की बाप्पाहो, सभागृह रिकामं पडलेलं आहे, पंखे आहेत, लाईट आहे, रोज सात ते दहा उघडलं तर? एक दिवस माणसांसाठी, एक दिवस बायांसाठी, असं वाटून घेऊ, नाहीतर दोघंही एकत्र बसा, काय बिघडते. पेपर ठेवू, कॅरम ठेवू. ज्याला प्यायची तो पिऊन टिनात बसेल, ज्याला नुसतं बसायचं त्याला टिनाशिवाय दुसरी जागा तर होईल. दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "तिथं फुटाणे भेटतीन का?" मास्तर म्हणाले आधी किल्ली कोणाजवळ आहे ते पाहा. ग्रामसेवकाजवळ नाही, सरपंचाजवळ नाही. मग मागून क्रेटवर बसलेला पंचायतचा शिपाई उठला, रोज कूलरच्या मागच्या टेबलावर बसणारा, त्यानं खिशातून गाडीच्या किल्लीचा गुच्छा काढला, त्यात ती होती. म्हणे चार वर्षांपासून याच गुच्छात आहे, कोणी मागितलीच नाही.

आम्ही सात-आठ जण मोबाईलचा टॉर्च घेऊन तेव्हाच गेलो. कुलूप गंजलेलं, तेल टाकून उघडावं लागलं. आत छताला टेकतील एवढ्या सिमेंटच्या गोण्या, अर्ध्या दगड झालेल्या, अन् त्यावर कोंबडी बसलेली. दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं तर तिनं कोंबडी कोणाची होती ते पहिले विचारलं, मग झाडू काढून ओट्यावर आणून ठेवला. गोण्या अजून निघायच्या आहेत. दोन टिप्परवाले हो म्हणाले आहेत, रविवारी मुंडी-खूर झाल्यावर.